ला पुरिसिमा मिशन नव्याने बांधलेलं आहे, मग ते बघायला जायचं का?

प्रश्न थोडक्यात असा होता: सॅन होजेला राहणारं कुटुंब, मुलगी चौथीत, शाळेत कॅलिफोर्नियातल्या स्पॅनिश मिशन्सचा, म्हणजे पाद्र्यांनी स्थानिक लोकांना ख्रिस्ती करण्यासाठी उभारलेल्या वसाहतींचा, विषय चालू आहे, आणि सुट्टीत भारतातून आलेल्या सासूबाईंना घेऊन लॉम्पोकजवळच्या ला पुरिसिमा मिशनला जायचा विचार आहे. पण कुणीतरी सांगितलं की तिथलं सगळं १९३० च्या दशकात नव्याने उभं केलंय, जुनं काही नाही, मग एवढं लांब गाडी हाकत जाण्यात अर्थ आहे का, आणि गेलोच तर मुलीला सांगायचं काय, कारण एक बाजू म्हणते पाद्री फार प्रेमळ होते आणि दुसरी म्हणते ते तुरुंग होते.

माझं उत्तर: जा, नक्की जा. मी कॅलिफोर्नियातल्या ऐतिहासिक ठिकाणी लोकांना फिरवून माहिती द्यायचं काम बरीच वर्षं करतेय, हल्ली नव्या व्हॉलंटियर्सना तयार करते, आणि माझं स्पष्ट मत आहे की ला पुरिसिमा "नवं" आहे म्हणूनच बघण्यासारखं आहे. अट एकच, काय बांधलं आणि काय बांधलं नाही हे दोन्ही बघायचं.

आधी इतिहास, पटकन. १७६९ ला सॅन दिएगोपासून सुरू करून १८२३ ला सोनोमापर्यंत स्पेनच्या आणि मग मेक्सिकोच्या राज्यात फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी २१ मिशन्स उभी केली, त्यातलं हे अकरावं. ८ डिसेंबर १७८७ ला फादर लासुएन यांनी स्थापन केलं, चुमाश या तिथल्या मूळ रहिवाशांच्या मुलखात. २१ डिसेंबर १८१२ च्या मोठ्या भूकंपात आणि त्यानंतरच्या पावसात ते पडलं. फादर मारियानो पायेरास यांनी मग सांता यनेझ नदी ओलांडून दुसऱ्या दरीत नवीन मिशन बसवलं, आणि इथे एक वेगळी गोष्ट केली: बाकीच्या मिशन्ससारखं मधे चौक आणि चारी बाजूंनी इमारती असं न करता सगळ्या इमारती एका ओळीत लांबट मांडल्या. भूकंपात अडकायला नको म्हणून असं केलं असं सांगतात, पाद्र्यांच्या राहत्या इमारतीच्या एका टोकाला दगडी टेकू आहेत ते बघितले की पटतंही. १८३४ ला मेक्सिकन सरकारने मिशन्स चर्चच्या हातून काढून घेतली, १८४५ ला ही जागा साधारण अकराशे डॉलरला विकली गेली आणि पुढे तिचे गोठे, गोदामं, पडीक भिंती असं होत गेलं.

पडीक भिंती हे जरा समजून घ्या, कारण "खरं का खोटं" याचं उत्तर त्यात आहे. या इमारती अडोबच्या, म्हणजे चिकणमाती, वाळू आणि गवताचा गारा करून साच्यात घालून उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांच्या. भट्टी नाही. आपल्याकडे देशावरचे पांढऱ्या मातीचे वाडे आठवा, वरचं छप्पर आणि गिलावा शाबूत आहे तोवर भिंत शंभर वर्षं हलत नाही, आणि एकदा का कौलं गेली की दोन-चार पावसाळ्यांत तिचा ढिगारा होतो. इथेही तेच. लोकांनी कौलं उचलून नेली, पाऊस आत आला, चार-चार फुटी भिंती वितळल्या. १९३० च्या सुमाराला पाद्र्यांच्या इमारतीचे काही खांब, भिंतींचे तुकडे आणि पायाच्या खुणा एवढंच उरलेलं. म्हणजे "जुनं ठेवलं का नाही" हा प्रश्नच नव्हता, जुनं म्हणजे मातीचा उंचवटा होता.

मग आली महामंदी. १९३४ ला सरकारच्या सीसीसी (सिव्हिलियन कन्झर्वेशन कोअर) योजनेतली बेकार तरुण पोरं इथे तंबू ठोकून राहिली, महिन्याला ३० डॉलर पगार, त्यातले २५ सरळ घरी पाठवले जायचे. या पोरांनी उत्खननाला मदत केली, हाताने माती तुडवली, लाखाच्या आसपास विटा पाडल्या, कौलं केली, तासणीने लाकूड तासलं, दाराच्या कड्या-बिजागऱ्यासुद्धा घडवल्या. उद्घाटन कधी झालं माहितेय? ७ डिसेंबर १९४१. त्याच दिवशी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या पेपरात या बातमीला कुठे जागा मिळाली असेल ते तुम्हीच समजा.

तर "तो सिनेमाचा सेट आहे" असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगते की ही खरी जुनी वास्तू आहे, फक्त ती १८२० ची नाही, १९३० च्या दशकाची आहे. त्या काळातल्या लोकांना १८२० कसं दिसत होतं, ते तुम्ही बघताय. आणि त्यांना काय दिसत नव्हतं, तेही.

उदाहरण देते. घंटांची भिंत, जिचा सगळे फोटो काढतात, ती मूळ कशी होती याचा पक्का पुरावा नव्हता, म्हणून शेजारच्या सांता इनेस मिशनच्या धर्तीवर केली. समोरची बाग, झाडं, वळणदार वाटा, ती तर पूर्ण १९३० च्या दशकातली हौस आहे, १८२० ला तिथे राबता होता, गुरं, चामडी, चरबीच्या कढया, धूळ आणि पावसात चिखल, फुलांचे ताटवे नव्हेत. सुंदर आहे, सासूबाईंना आवडेल, तिथे बसून डबा खा, पण मुलीला सांगा की ही बाग नंतरची आहे.

आणि आता मुद्द्याची गोष्ट. सीसीसीच्या काळात काय काय उभं केलं? चर्च, पाद्र्यांची इमारत, सैनिकांच्या खोल्या, माग, लोहारकाम, चामड्याचं आणि मेणबत्त्यांचं काम अशी कामाची ठिकाणं. आणि जिथे शेकडो चुमाश कुटुंबं राहायची, ती चाळीसारखी लांब बराक? ती नाही बांधली. तिच्या पायाच्या खुणा आहेत फक्त. १९६२ च्या सुमाराला जेम्स डीट्झ या पुरातत्त्वज्ञाने तिथे उत्खनन केलं तेव्हा एक भारी गोष्ट हाती लागली: चुमाश बायकांच्या रोजच्या कामाच्या वस्तू, दळणाकांडणाच्या, टोपल्यांच्या कामाच्या, मिशनमधेही सापडत राहतात, पण पुरुषांची शिकारीची दगडी हत्यारं फार कमी होतात. म्हणजे मिशनमधे आल्यावर पुरुषांचं जगणं उलटंपालटं झालं, ते गुराखी झाले, गवंडी झाले, विणकर झाले, आणि बायका मात्र घरात बरंचसं जुनंच चालवत राहिल्या. ही माहिती चर्चमधे उभं राहून कधीच कळली नसती, ती त्या न बांधलेल्या जागेतल्या कचऱ्यातून कळली.

म्हणून मी नव्या व्हॉलंटियर्सना पहिली गोष्ट हीच सांगते की फेरी चर्चपासून सुरू करू नका. चर्चपासून सुरू केलं की चर्च हिरो होतं, मग पुढे कितीही काही सांगा, लोकांच्या डोक्यात घंटा आणि मेणबत्त्याच राहतात. आधी बराकीच्या पायाजवळ उभे राहा, मोकळी जमीन दाखवा, विचारा की इथे कोण राहत असेल, आणि हेच का बांधलं नसेल. चौथीतली पोरं याला फटाफट उत्तरं देतात, मोठी माणसं जरा चाचरतात.

दुसरी गोष्ट वर्षाची. ही जागा १८२० साल धरून सजवलीय, भरभराटीचा काळ म्हणून. आता बघा, त्याच १८२० साली पायेरास यांनी मेक्सिकोतल्या आपल्या वरिष्ठांना लिहिलं की हे लोक रानात धडधाकट असतात, आणि मिशनमधे आणून स्थिरावले की आजारी पडतात आणि मरतात, असंच चाललं तर किनारा ओस पडेल, आणि पुढे जग आम्हाला जाब विचारेल. हे कुणा टीकाकाराचं मत नाही, त्या मिशनच्या कर्त्या माणसाचं आहे, ज्याचं दफनही त्याच चर्चमधे आहे. तुम्ही विचारलं होतं ना की प्रेमळ पाद्री का तुरुंग? पायेरास बघा. हुशार माणूस, कष्टाळू, चुमाश भाषेत ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरी तयार करणारा, लोक मरतायत हे स्पष्ट दिसणारा, आणि तरी ती व्यवस्था चालूच ठेवणारा. मला विचाराल तर मुलांना हे समजतं, चांगला माणूस वाईट गोष्ट चालवू शकतो हे त्यांना आपल्यापेक्षा लवकर कळतं.

चुमाश लोक मिशनमधे का आले, हा प्रश्न मुलगी विचारेलच. सगळ्यांना दोरखंडाने बांधून आणलं असं नव्हतं, पण "स्वखुशीने आले" हेही धड खरं नाही. मिशनच्या गुराढोरांनी त्यांचं बियाणं देणारं गवत खाल्लं, गवताळ रानं ठरावीक वेळी पेटवून नवी उगवण घ्यायची त्यांची पद्धत १७९३ ला गव्हर्नरने हुकूम काढून बंद केली, युरोपातून आलेल्या रोगांनी गावंच्या गावं खिळखिळी केली, नातेवाईक आधी गेले म्हणून बाकीचे मागून गेले. आणि एकदा बाप्तिस्मा घेतला की परत फिरायची सोय नव्हती, परवानगीशिवाय गेलात तर शिपाई शोधून आणायचे, फटके बसायचे. लग्न न झालेल्या मुलींना रात्री वेगळ्या खोलीत कुलूप लावून ठेवायचे. हे नऊ वर्षांच्या मुलीला सांगायचं का? सांगा, साध्या शब्दांत, तपशील न रंगवता. "त्यांना घरी जायची परवानगी नव्हती" हे एक वाक्य पुरतं, पुढचं ती स्वतः विचारते.

आणि १८२४ चं बंड तर सांगाच, कारण त्याशिवाय चुमाश फक्त मरणारे आणि राबणारे लोक म्हणून उरतात. मेक्सिकोत १८१० पासून स्वातंत्र्याची लढाई पेटल्यावर इकडे सैनिकांचा पगार आणि रसद जवळजवळ थांबली, मग त्यांना पोसायचं कुणी, तर मिशनने, म्हणजे चुमाशांनी. फेब्रुवारी १८२४ मधे ला पुरिसिमाच्या एका चुमाश माणसाला सांता इनेसला शिपायांनी फटके मारले, तिथे ठिणगी पडली, आणि तीन मिशन्सवर उठाव झाला. ला पुरिसिमा तर चुमाशांनी जवळजवळ महिनाभर ताब्यात ठेवलं, तटबंदी केली, भिंतींना गोळ्या झाडायला भोकं पाडली. १६ मार्चला मॉन्टेरीहून शंभरावर शिपाई तोफ घेऊन आले, काही तासांची लढाई झाली, १६ चुमाश मारले गेले, नंतर सातजणांना मृत्युदंड. सध्याच्या शांत गवताळ अंगणात उभं राहून हे सांगितलं की लोक आपोआप मागे वळून भिंतींकडे बघतात. इथे पुन्हा बांधलेल्या वास्तूचा फायदा कळतो, पायावर उभं राहून ही लढाई डोळ्यासमोर येत नाही, भिंतीची उंची, दारांची जागा, अंतर हे लागतं.

तिथे काही दिवस पोशाख घालून माणसं काम करून दाखवतात, मेणबत्त्या बुडवणं, लोहारकाम, विणकाम. मुलांना प्रचंड आवडतं, बघाच. माझी त्यावर एक जुनी कुरबुर आहे. कौशल्य दिसतं, सक्ती दिसत नाही. चरबीच्या कढईत वात बुडवणारा हसरा स्वयंसेवक बघून कुणालाही वाटेल काय छान गावगाडा होता. यावर उपाय सोपा आहे, प्रात्यक्षिक थांबवायचं नाही, त्यात एक प्रश्न घालायचा: ही चरबी कुणी काढली, मेणबत्ती कुठे गेली, आणि पैसे कुणाला मिळाले? गुरांची चामडी आणि चरबी हा तेव्हाचा मोठा व्यापार होता, बोस्टनहून जहाजं यायची त्यासाठी. तुम्ही स्वतः मुलीला हे विचारायला सांगा तिथल्या माणसाला. चांगला गाइड असेल तर खूश होतो.

याहून वेगळं कसं करता येतं ते बघायचं असेल तर फ्लोरिडात टॅलाहासीला मिशन सॅन लुईस आहे, तेही पुन्हा बांधलेलंच. १६५६ ते १७०४ पर्यंत ते अपालाची या तिथल्या मूळ रहिवाशांचं गाव आणि मिशन होतं, इंग्रजांचा हल्ला येतोय म्हणून तिथल्या लोकांनीच जाळून सोडलं. तिथे चर्चही बांधलंय आणि त्याच्यासमोर, मैदानाच्या पलीकडे, अपालाचींचं सभागृहही, गोल, पामच्या झावळ्यांच्या छपराचं, १२० फुटांच्या वर व्यास, दोन-तीन हजार माणसं मावतील असं. आत गेलं की मान आपोआप वर जाते. चर्च त्याच्यापुढे लहान वाटतं आणि तिथल्या गाइडला फारसं काही बोलावं लागत नाही. ला पुरिसिमाला १९३४ मधे हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि येण्याचा तो काळही नव्हता, तेव्हा रेल्वे आणि पर्यटनवाल्यांनी रंगवलेलं गोड मिशन-युग सगळ्यांच्या मनात होतं.

तुमच्या घराच्या जवळचा पर्यायही सांगते. सांता क्रूझला मिशनच्या जागी सरकारी पार्क आहे आणि तिथे जी मूळ इमारत उरलीय ती नेमकी स्थानिक लोकांच्या राहायच्या खोल्यांची आहे, ओहलोनी आणि योकुट लोकांनी १८२० च्या दशकात बांधलेली, कॅलिफोर्नियात अशी तेवढीच शिल्लक आहे. आणि गंमत म्हणजे तिथलं चर्च जे दिसतं ते १९३० च्या दशकातली छोट्या आकाराची प्रतिकृती. ला पुरिसिमाच्या अगदी उलट! मी तुमच्या जागी असते तर आधी एका शनिवारी सांता क्रूझ केलं असतं आणि मग लॉम्पोक, म्हणजे मुलीला बराकीच्या मोकळ्या पायावर खोल्या कल्पनेने बांधता येतील. लॉम्पोकला गेलात की एफ स्ट्रीटच्या टोकाला, वस्तीत, १८१२ ला पडलेल्या पहिल्या मिशनचे अवशेष आहेत, अस्सल जुने. पाच मिनिटं थांबा. तिथे बहुतेक तुमच्याशिवाय कुणी नसेल, म्हणजे अस्सल असलं की लोक येतात हेही खरं नाही.

सासूबाईंना "हे आपल्या गोव्यासारखंच का" असं वाटेल असं तुम्ही लिहिलंय. थोडं आहे, बरंच नाही. एक योगायोग त्यांना सांगता येईल: पोर्तुगालने १८३४ ला धार्मिक संघ बरखास्त केले, आणि जुन्या गोव्यातलं सेंट ऑगस्टिन चर्च ओस पडून पुढे कोसळलं, आणि त्याच १८३४ ला मेक्सिकोने इकडची मिशन्स मोडली. गोव्यात तो अर्धा मनोरा तसाच ठेवलाय, वसईच्या किल्ल्यातली चर्चही तशीच, १७३९ ला चिमाजी अप्पांनी किल्ला घेतल्यानंतर हळूहळू पडत गेलेली. ती पुन्हा बांधावीत असं मी म्हणत नाही, मुळीच नको. पण वसईत माणूस जातो, प्री-वेडिंग शूट बघतो, वेलींनी भरलेली कमान बघतो आणि परत येतो, तिथे कोण राबलं, कुणाचे पूर्वज बाटले, कुणाचे तिथेच राहिले हे कळायला काही मार्ग नाही. भग्न ठेवलं म्हणजे प्रामाणिक आणि बांधलं म्हणजे नकली, एवढं सरळ ते नसतं.

एक फरक मात्र मोठा आहे. वसईचे ख्रिस्ती आजही आपली गोष्ट स्वतः सांगतात, आपल्या बोलीत. चुमाशही आहेत, संपलेले नाहीत, सांता यनेझच्या चुमाशांचं मिशनपासून तासाभराच्या आत स्वतःचं रिझर्वेशन, म्हणजे त्यांच्यासाठी राखीव जमीन, आहे, त्यांनी आपल्या सामाला भाषेचा मोठा शब्दकोश २००८ मधे काढला, मुलांना भाषा शिकवतात, तोमोल नावाच्या फळ्यांच्या होड्या पुन्हा बांधून समुद्रात नेतात. मुलीच्या प्रोजेक्टमधे शेवटचं वाक्य "मग चुमाश लोक नाहीसे झाले" असं असेल तर आधी ते काढा.

प्रोजेक्टवरून आठवलं. साखरेच्या चौकोनांचं नाहीतर आइस्क्रीमच्या काड्यांचं मिशन करायची पद्धत इथे पिढ्यान् पिढ्या चालली, पण राज्याच्या २०१६ च्या अभ्यासक्रम आराखड्यातच स्पष्ट म्हटलंय की असली मॉडेल्स करून मुलांना तो काळ कळत नाही आणि अनेकांना ते अपमानकारक वाटतं. तुमच्या शाळेने अजून मॉडेल मागितलं असेल तर बाईंशी बोलून पर्याय मागा, बऱ्याचजणी आनंदाने देतात. मी सुचवेन की मुलीने एका मोठ्या कागदावर ला पुरिसिमाचा नकाशा काढावा आणि तीन रंग वापरावेत: १९३० च्या दशकात पुरावा बघून बांधलेलं, अंदाजाने बांधलेलं, आणि मुळात बांधलंच नाही असं. व्हिजिटर सेंटरमधे मिशनची छोटी प्रतिकृती आहे ती बघून मग बाहेर फिरा, अर्धं काम तिथेच होतं. नकाशावर माणसं कुठे झोपत होती, कुठे राबत होती, कुठे लढली आणि कुठे पुरली गेली हे तिने लिहावं, प्रत्येक ठिकाणी एक ओळ.

बाकी किरकोळ: सुट्टीच्या आठवड्यात वेळा बघून जा. दुपारनंतर तिथे समुद्रावरून गार वारा सुटतो, सासूबाईंसाठी शाल घ्या. पाऊस झाला असेल तर बराकीकडची वाट चिखलाची होते, चांगले बूट घाला आणि तरी तिकडे जाच.